टेकाडीवरचा स्मृतिस्तंभ आणि तितिरमारे साहेबांचं भेव

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या शिवनटोला गावच्या सरपंच आदरणीय शकुनबाई, पंचायत समितीतून वेळात वेळ काढून आलेले विस्तार अधिकारी महोदय, मच्छीमार सहकारी संस्थेचे अध्यक्ष भोजराजभाऊ, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले ग्रामसेवक श्री. यादोराव तितिरमारे साहेब, त्यांच्या सौभाग्यवती मंगलाबाई, माझे शाळेतले सहकारी, आणि सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, भावांनो,

मी नंदिनी ब्राह्मणकर. मला तुम्ही सगळे ओळखता, कारण तुमची पोरं माझ्या वर्गात आहेत. रोज बोलणं हाच माझा धंदा. तरीही आज बोलताना माझी नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जाते आहे. मागच्यांना दिसत नसेल, पुढच्यांना नक्की दिसत असेल.

साहेबांनी परवा मला कार्यालयात बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, निरोप देऊन राहिले तं द्या. हार घाला, शाल द्या. पण त्या दिवसाचं नाव काढू नका." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे कबूल करणं, असं काही ग्रामपंचायतीच्या नियमात नाही. म्हणून मी आज त्या दिवसाबद्दलच बोलणार आहे. साहेब, आपण माझ्याकडे असं बघू नका. मला सुरुवात तरी करू द्या.

आपल्याकडे सत्कार कुणाचा होतो? धाडसी माणसाचा होतो. निडर, बेडर, वाघाच्या काळजाचा, असे शब्द निमंत्रणपत्रिकेवर छापतात. आमच्या सत्कारमूर्तींबद्दल हे शब्द छापायला भोजराजभाऊंनीसुद्धा धीर केला नाही. कारण साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे की तितिरमारे साहेब भितात. आभाळाला भितात. पश्चिमेला जरा काळं दिसलं, की साहेब खुर्चीवरून उठणार, खिडकी लावणार, कार्यालयाच्या मधल्या खोलीत जाऊन बसणार. ग्रामसभा अर्धी राहिली तरी चालेल. पोरं हसायची. मोठी माणसंही तोंडाला रुमाल लावून हसायची. मी हसत होते की नाही, हे आता विचारू नका.

या भित्रेपणामागे काय होतं, हे मला त्या दिवसानंतर मंगलाबाईंनी सांगितलं. तुम्हाला मात्र आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. साहेबांचं मूळ गाव पवनीजवळ. घरी धानाची शेती. साहेब कॉलेजात असताना रोवणीच्या दिवसांत दोघं भाऊ बांधीत, धानाच्या वाफ्यात, काम करत होते. थोरल्याचं नाव जागेश्वर. पाऊस आला. बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, मोहाचं झाड होतं. थोरला म्हणाला, "चाल, झाडाखाली उभे राहू." धाकट्याची चप्पल चिखलात रुतली, तो ती काढायला वाकला, आणि थोरला पुढे गेला. एवढंच. पुढचं मंगलाबाईंनीही मला सांगितलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "बाई, तवापासून हे आभाळाकडं पाठ करून झोपत नाहीत."

तर असा हा माणूस. आता त्या स्तंभाकडे वळते.

आपल्या तलावाच्या मधोमध जे बेट आहे, ज्याला आपण टेकाडी म्हणतो, तिथे एकदा माजी राष्ट्रपती महोदय येऊन गेले. पाहुण्यांसाठी सांगते. पद सोडून त्यांना काही वर्षं झाली होती. साकोलीकडे एका कार्यक्रमाला आले होते, कुणीतरी तलावाचं नाव काढलं आणि ते म्हणाले, दाखवा. ऑक्टोबरचे दिवस होते, तलाव काठोकाठ. मोटारबोट नव्हतीच. आमच्या इतवारी मारबतेंच्या डोंग्यात ते बसले, बूट हातात घेऊन. टेकाडीवर गवतात मांडी घालून बसले आणि इतवारीबाबांच्या घरून आलेले उकडलेले शिंगाडे खाल्ले. बाबांच्या पत्नी रेवताबाईंनी उकडलेले. इतवारीबाबांना त्यांनी विचारलं, "आप रोज़ यहाँ आते हैं?" बाबा म्हणाले, "रोजच येतो जी." त्यावर ते म्हणाले, "बड़े भाग्यवान हैं आप." हा संवाद इतवारीबाबांनी आपल्या सगळ्यांना किती वेळा ऐकवला असेल! दर वेळी त्यात एखादं वाक्य वाढायचं.

मग गावानं ठरवलं, आठवण राहायला हवी. टेकाडीवर दगडी स्मृतिस्तंभ उभा राहिला. दोन माणसं एकावर एक उभी केली तर जेवढी होतील, त्याहून उंच. वर पोलादी कमळाची कळी. खाली चार खांबांवर सिमेंटची छत्री, बसायला ओटा, आणि महोदय कधी आले, कुठे बसले ते कोरलेली पाटी. त्या पाटीवर इतवारीबाबांचं नाव नव्हतं. पण स्तंभ झाडायला, पुसायला, पाखरांची विष्ठा धुवायला तेच जायचे. "माहा खांब," म्हणायचे. आणि दरवर्षी त्या तारखेला सारं गाव डोंग्यांनी टेकाडीवर जायचं. हार घालायचा, शिंगाडे वाटायचे, परत यायचं.

तीन वर्षांपूर्वीची ती तारीख. दुपार. उकाडा असा की पदरानं वारा घेतला तरी गरम झळ यायची. काठावर डोंगे भरत होते. साहेब पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे होते आणि तलावाकडे न पाहता पश्चिमेकडे पाहत होते. मी माझ्या टीनाला घेऊन आले होते, तेव्हा ती पहिलीत होती. साहेब मला म्हणाले, "बाई, आज नका जाऊ. हवा थांबली आहे." सरपंचबाई, आपल्याला आठवत असेल, आपण म्हणालात, "साहेब, वर्षातून एक दिवस आहे जी. तुम्ही नाही आले तं हार कोण घालन?" आपलं काही चुकलं नव्हतं. आभाळात तेव्हा हाताएवढाही ढग नव्हता. साहेब डोंग्यात बसले. दोन्ही हातांनी कड धरून, डोळे मिटून. सगळे हसले.

हार घातला. दोन शब्द झाले. शिंगाड्यांची टोपली फिरू लागली, आणि तलावावरचा उजेड एकदम बदलला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. पाणी हिरवट काळं दिसायला लागलं. वारा कुठून आला कळलं नाही. पलीकडचा काठ दिसेनासा झाला. डोंग्यात बसून निघावं म्हटलं तर लाटा काठावर आपटत होत्या. टेकाडीवर आडोसा असा एकच, स्तंभाची छत्री. आम्ही सगळे त्या छत्रीखाली शिरलो. बाया, म्हातारे, लेकरं, एकमेकांना चिकटून. पावसाची सर आली तशी आणखी आत सरकलो. स्तंभाच्या दगडाला माझी पाठ टेकली होती. मला तर बरं वाटलं, की चला, दगडाचा आधार आहे.

एकटे साहेब बाहेर होते. पावसात. तोंड पांढरं पडलं होतं. ते ओरडत होते, "बाहेर या! त्या खांबाखालून बाहेर या! तिकडं खड्ड्यात चाला!" स्तंभ बांधताना मुरूम काढलेला एक खड्डा टेकाडीच्या उतारावर आहे, तो ते दाखवत होते. कोण ऐकणार? एवढ्या पावसात छप्पर सोडून खड्ड्यात कोण जाऊन बसेल? कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सायेब, तुमीच आत या ना जी, काहून भिजून राहिले?" आणि हशा पिकला. शेवटचं हसू होतं ते.

पहिली वीज तलावाच्या पलीकडे पडली. मी टीनाचे कान झाकले. दुसरी जवळ. लेकरं रडायला लागली. माझ्या हातावरची लव उभी राहिली होती, आणि वर, त्या पोलादी कळीपाशी, माश्या घोंघावल्यासारखा बारीक आवाज येत होता. मला वाटलं वारा असेल.

तेवढ्यात साहेब आत शिरले. धावत आले, माणसांना ढकलत, सरळ माझ्यापर्यंत. माझ्या हातातून त्यांनी टीनाला ओढलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. तिला काखेत मारलं आणि उताराकडे पळत सुटले.

आईबापांनो, तुम्हीच सांगा, मला काय वाटलं असेल? वीज मी विसरले. पाऊस विसरले. डोळ्यांपुढे एवढंच, की एक माणूस माझी पोर घेऊन पळतो आहे आणि समोर तलाव आहे. त्यांचे डोळे मी पाहिले होते. ते माणसाचे डोळे राहिले नव्हते. मी किंचाळले आणि मागे धावले. माझ्यामागे शकुनबाई धावल्या. कुणी तरी ओरडलं, "सायेब पागल झाले! पोट्टीले पाण्यात घेऊन जाऊन राहिले! धरा!" मग सगळेच धावले. बाया धावल्या म्हणून त्यांची लेकरं धावली. गडीमाणसं शिव्या देत धावली.

साहेब तलावात गेले नाहीत. खड्ड्यात उतरले आणि उकिडवे बसले. टीना त्यांच्या मांडीवर, तिचं डोकं त्यांनी छातीशी दाबून धरलेलं. मी त्यांच्या अंगावर धावून गेले, शर्ट फाडला त्यांचा. ते फक्त म्हणत होते, "बसा, बाई, बसा. खाली बसा. खाली बसा." एखादं लेकरू जसं एकच शब्द घोकतं, तसं. आणि त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी बसले. बाकीचे येऊन आदळले, तेही बसले.

मग ती पडली.

आवाज मला आठवत नाही. सगळं पांढरं झालं एवढं आठवतं, आणि दातांत कळ गेली, आणि तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव. नंतर बराच वेळ कुणाचंच बोलणं ऐकू येत नव्हतं. तोंडं हलताना दिसत होती. वर पाहिलं तर पोलादी कळी नव्हती. स्तंभ उभा चिरला होता. छत्रीचा एक कोपरा खाली आला होता, आम्ही उभे होतो नेमका तिथे.

त्या ओट्यावर इतवारीबाबा होते.

त्यांचे गुडघे धरलेले होते, पण ते मागे राहिले त्याचं कारण ते नव्हतं. आम्ही पळालो तेव्हा भोजराजभाऊंनी त्यांना हाक मारली होती. बाबा म्हणाले होते, "जा रे तुमी. मी अठीच बसतो. राष्ट्रपतीले मीनंच आनलं होतं अठी. मले काय होते?" भाऊंनी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. भाऊ, हे तुम्ही रडत रडत मला सांगितलं होतं. आज सगळ्यांसमोर सांगितलं, राग मानू नका.

आता मला जे बोलायचं आहे ते हे. विजा अजून पडत होत्या. आम्ही त्या खड्ड्यात एवढी माणसं होतो, त्यात तरणी पोरं होती, तलावात मगरीसारखे पोहणारे कोळी होते. एकानंही डोकं वर काढलं नाही. मी टीनाला घट्ट धरून बसले होते आणि मला कुणी हजार शपथा घातल्या असत्या तरी मी हलले नसते. साहेब उठले. ते उभे राहिले आणि पडले. मग रांगत निघाले. हातांवर आणि गुडघ्यांवर, तो उतार चढून, त्या चिरलेल्या स्तंभाकडे. दर विजेला ते जमिनीला चिकटायचे, तोंड मातीत खुपसायचे. मग पुन्हा रांगायचे. त्यांनी इतवारीबाबांना छत्रीतून बाहेर ओढलं. त्यांच्या छातीवर दाबलं, तोंडात फुंकलं, पुन्हा दाबलं. पाऊस ओसरून आम्ही वर गेलो तेव्हाही ते दाबतच होते. भोजराजभाऊंनी त्यांचे हात धरून बाजूला केले.

इतवारीबाबा दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

त्या दिवशी टेकाडीवर गेलेल्यांपैकी बाकी सगळे घरी आले. माझी टीना आता चौथीत आहे. ढग आले की आजही मी वर्ग सोडून तिला शोधायला जाते. मला लाज वाटत नाही.

मी नंतर साहेबांना विचारलं होतं, "तुम्हाला कसं सुचलं, की लेकरू उचललं तर सगळे मागे येतील?" ते म्हणाले, "मले काही सुचलं नाही बाई. मी पळूनच राहिलो होतो. जाता जाता एक लेकरू हाती लागलं." साहेब, मी तुमच्याशी कधी वाद घातला नाही. आज घालते. तुम्ही बाहेर होता. पळायचं असतं तर बाहेरून बाहेरच पळता आलं असतं. जिथे शिरायचं भेव तुम्हाला जन्मभर होतं, तिथे तुम्ही आत आलात, आणि मग पळालात. जाता जाता कुणी असं आत येत नाही.

त्या वर्षी गावानं त्यांचा सत्कार ठरवला. ते आले नाहीत. का आले नाहीत, हे थोड्यांनाच माहीत आहे. इतवारीबाबांना घरी आणलं, तेव्हा साहेब अंगणात खाली मान घालून उभे होते. रेवताबाई बाहेर आल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सायेब, पोरीले उचललं. माह्या बुढ्याले काहून नाई उचललं?"

साहेब तसेच मान खाली घालून अंगणातून निघाले.  त्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयात खेटे घालून स्तंभ दुरुस्त करून घेतला, त्यावर वीजरोधक बसवून घेतला, ढग असताना डोंगा सोडायचा नाही असा ठराव करून घेतला. हे सगळं केलं. पण रेवताबाईंच्या दारावरून ते कधी गेले नाहीत, आणि रेवताबाईंनी कधी त्यांचं नाव घेतलं नाही.

काल दुपारी शाळा सुटल्यावर रेवताबाई शाळेच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "बाई, उद्या मी येऊ का जी?" मी म्हटलं, "विचारता काय, या की." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग जे बोलल्या ते त्यांच्याच शब्दांत सांगते, माझ्या शब्दांत सांगितलं तर त्यातला जीव जाईल.

"बाई, मीनं सायबाले इचारलं, काहून का आभाळाले इचारता येत नाई. माहा बुढा कोनाच्या उचलल्यानं उठनारा नोहता. वल्हं मारलं असतं त्यानं सायबाच्या डोक्यात. हे मले त्याच दिवशी मालूम होतं. पन मी बोलली नाई. मले भेव वाटे. सायबाले मोकळं केलं, तं मंग बुढ्याचं मरन मी कोनाच्या माथी ठेवू? माह्याजवळ दुसरं कोनी नोहतं, बाई."

मी म्हटलं, हे तुम्ही साहेबांना सांगा. त्या म्हणाल्या, "माह्यानं होनार नाई. त्याइच्यासमोर गेली का माहे पाय कापते." मी म्हटलं, रेवताबाई, त्यांचेही कापतात.

मंडळी, त्या आल्या आहेत. मागे, दाराजवळच्या खांबाला टेकून बसल्या आहेत. मी बोलायला उभी राहिल्यापासून माझं लक्ष तिकडेच आहे, आणि माझी नजर दाराकडे का जात होती ते आता तुम्हाला कळलं असेल. मध्येच उठून जातात की काय, अशी मला धास्ती होती. त्या गेल्या नाहीत.

मी आता फार बोलणार नाही. सरपंचबाईंनी ही संधी दिली, संस्थेनं मांडव आणि चहापाण्याची सोय केली, बचत गटाच्या बहिणींनी सकाळपासून चुलीपुढे राबून जेवण केलं, मंगलाबाईंनी आपला माणूस इतकी वर्षं आमच्या गावाला दिला, त्या सगळ्यांचे मी मनापासून उपकार मानते. साहेब, आपण नको म्हणालात तेच मी बोलले. सगळ्यांच्या दुखऱ्या जागेला हात लावला. कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, बोलण्यात अधिकउणं झालं असेल, तर आपल्या गावची मास्तरीण म्हणून पोटात घाला.

शाल आणि श्रीफळ इथे ताटात तयार आहे. पत्रिकेत ते विस्तार अधिकारी महोदयांच्या हस्ते लिहिलं आहे. महोदय, आपली परवानगी असेल तर... आपण मान हलवलीत, आभारी आहे.

रेवताबाई, या. स्टेजवर चढायचं नसेल तर चढू नका. साहेब, आपणच खाली उतरा. मंगलाबाई, त्यांचा हात सोडू नका, पायरीवर तोल जाईल त्यांचा. बायांनो, जरा पाय आवरून घ्या, रेवताबाईंना वाट द्या. हं. तशाच या, घाई नको. ताट मी धरते.

त्या काय बोलतात ते आपण ऐकायचं नाही. मी माईक बंद करते.